आधी दोष शोधा, मग भाग बदला

गाडीच्या छतातला दिवा लागेनासा झाला, तर तो मालकानं स्वतःच दुरुस्त करावा, असं मी मानतो आणि तसंच करत आलो आहे. रामटेकला राहणाऱ्याला यामागचं एक कारण लगेच पटेल. बहुतेक कंपन्यांची अधिकृत वर्कशॉपं नागपुरात आहेत. मनसर, कन्हान, कामठी करत तिथं जाऊन परत यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास गाडी चालवायची, दिवस मोडायचा, आणि काम काय, तर पाच-दहा वॉटचा एक बल्ब. म्हणून लोक ते काम पुढे ढकलतात आणि दिवा तसाच बंद राहतो. त्याची आठवण होते ती त्रिपुरी पौर्णिमेच्या गर्दीतून रात्री घरी निघताना, मागच्या सीटवर कुणाला तरी चष्मा किंवा औषधाची पट्टी सापडत नसते तेव्हा. तरीही वेळ आणि पेट्रोल वाचणं हा माझ्या लेखी दुय्यम फायदा आहे. गाडीतला वीजदोष कसा शोधायचा, हे शिकण्यासाठी या दिव्याइतकी सोपी आणि बिनधोक जागा गाडीत दुसरी नाही, हे माझं खरं कारण. हा दिवा स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांतल्या कशालाही धरून नाही. व्होल्टेज बाराच. शिवाय वाटेत फ्यूज आहे. हा दिवा दुरुस्त करताना जी पद्धत हाताला लागते, ती पुढे हॉर्नला, वायपरला आणि मागच्या लाल दिव्यालाही लागू पडते.

दिव्याचा विजेचा मार्ग समजायला साधा आहे. बॅटरीच्या धन टोकाकडून तार येते, फ्यूजमधून जाते, छतात चढते, बल्बमधून पार होते आणि तिथून वीज गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाला परत जाते. परतीची तार म्हणून गाडीचा पत्राच वापरतात. मिस्त्री त्याला अर्थिंग म्हणतात. दिव्यावरच्या खटक्याला बहुधा तीन जागा असतात: कायम चालू, कायम बंद आणि दारावर चालणारी. खटका दाराच्या जागेवर असला की परतीची वाट दाराच्या चौकटीतल्या रबरी टोपीच्या बटणातून जाते. दार उघडलं की बटण बाहेर येतं, अर्थिंग मिळतं आणि दिवा लागतो. जुन्या साध्या गाड्यांत बहुधा अशीच जोडणी असते. नव्या गाड्यांत त्या बटणाचं काम दाराच्या लॉकमधला छोटा स्विच करतो आणि मध्ये एक कंट्रोल युनिट असतं. दार लावल्यावर दिवा हळूहळू मंदावतो किंवा दार फार वेळ उघडं राहिल्यास आपोआप विझतो, तो या युनिटमुळे. त्यामुळे नव्या गाडीत दार उघडं असताना दिवा विझला म्हणजे बिघाड झाला, असं लगेच समजू नये. आधी दार लावून पुन्हा उघडून पाहावं.

एवढी माहिती असली की एकही स्क्रू न काढता निम्मा शोध लागतो. खटका कायम चालूवर ठेवा. दिवा लागला, पण दाराच्या जागेवर लागत नसेल, तर बल्ब, फ्यूज आणि छतापर्यंतची तार या तिन्हींत दोष नाही. दोष दाराच्या बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. तीन दारांना लागतो आणि चौथ्याला लागत नाही, तर त्या एकाच दाराचं बटण पाहायचं. नव्या गाडीत डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण येते. तीही दाराच्या स्विचवरच चालते, म्हणून ती बरोबर येत असेल तर स्विच बहुधा ठीक आहे आणि शोध दिव्याकडे वळवायचा. खटका कुठंही ठेवला तरी दिवा लागतच नसेल, तर घड्याळाकडे आणि रेडिओकडे पाहावं. पुष्कळ गाड्यांत या दिव्याचा फ्यूज घड्याळाला आणि रेडिओच्या मेमरीलाही वीज देतो. घड्याळ बंद आणि रेडिओची लावलेली स्टेशनं पुसलेली असतील, तर फ्यूज उडालेला असण्याचीच शक्यता मोठी. घड्याळ नीट चालत असेल, तर राहिले दोनच संशयित: बल्ब आणि त्याच्या मागचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा सांधा. गाडी वर्कशॉपमध्ये टाकून ‘दिवा लागत नाही’ एवढंच सांगणाऱ्याला पुष्कळदा आख्खा दिवाच बदलून मिळतो आणि बिलात त्याची किंमत लागते. वरचे प्रश्न आधी विचारणाऱ्याला नेमकं काय बदलायचं आणि काय नाही, हे कळलेलं असतं.

आता दिवा उघडू. किल्ली काढलेली असावी, खटका बंदवर असावा आणि दिवा नुकताच जळत असेल तर तो निवू द्यावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतलं प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे हे काम सकाळी सावलीत करावं. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून झाकणाच्या खाचेत घालायचं आणि हळूच उचकायचं. कान मोडले तर झाकण पुन्हा बसत नाही. आत बहुधा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबुळका बल्ब पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात बसलेला दिसतो. तो बोटांनीच काढावा. स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि तो पट्टी व पत्रा यांना एकदम टेकला, तर त्याच क्षणी फ्यूज उडतो, आणि दिव्याच्या जोडीला घड्याळही बंद पडतं. फ्यूज आधीच काढून ठेवला की ही भीती राहत नाही. बल्ब उजेडात धरला की तार तुटलेली किंवा काच काळवंडलेली दिसते. तार शाबूत असेल तर टोप्यांवर आणि पट्ट्यांवर पांढुरका किंवा हिरवट थर आहे का ते पाहावं. बारीक पॉलिश पेपरनं तो खरवडायचा, सैल झालेल्या पट्ट्या किंचित आत दाबायच्या आणि बल्ब परत बसवायचा. नवा बल्ब घेताना वॉट आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजेत, कारण हे बल्ब ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांबीत मिळतात. एलईडी बसवला आणि तो लागला नाही, तर टोकं उलटी करून बसवावा. त्याला धन-ऋण बाजू असते.

बल्ब चांगला, फ्यूज शाबूत, तरीही अंधार, असं असेल तर सांधे तपासायचे. मला वाटतं, या साऱ्या प्रकरणात सर्वात शिकण्यासारखी गोष्ट हीच. अखंड तार सहसा मधूनच बिघडत नाही. जिथं एक धातू दुसऱ्याला टेकतो तिथं माती, ओल आणि गंज शिरतात आणि जोडणी ढिली होते. दाराच्या बटणाला पत्र्यावर धरणारा स्क्रू पावसाळ्यात गंजला की अर्थिंग जातं आणि बटण चांगलं असूनही दिवा लागत नाही. तो स्क्रू काढून पत्रा घासला की काम होतं. पेंचच्या कालव्यांवर धान पिकवणाऱ्या या भागात उंदरांना तोटा नाही. उभ्या गाडीच्या तारांचं आवरण ते कुरतडतात, आणि मधूनच तुटलेली तार सापडली तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा. उरलेल्या कारणांत माणसाचा हात असतो. डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टीम बसवणारे कधी कधी छतातल्या दिव्यातूनच वीज घेतात आणि कपलर पुरता दाबून बसवत नाहीत. दाराचं बटण अडकून दिवा रात्रभर जळत राहिला आणि बॅटरी उतरली, तर बटण दुरुस्त करण्याऐवजी दिव्याचा कपलरच उपसून ठेवणारेही असतात. हिशोब सोपा आहे. दहा वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. दहा तासांत आठ अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी पस्तीसच्या आसपासची असते. एका रात्रीत चांगली बॅटरी तग धरेल, जुनी धरणार नाही. ज्यानं कपलर काढला त्यानं बॅटरी वाचवली खरी, पण बटणाचा दोष तसाच ठेवला. असा दिवा दुरुस्त करायला एकही भाग लागत नाही. कपलर टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचा आणि बटण साफ करायचं.

यावर पहिला आक्षेप वॉरंटीचा आणि सुरक्षेचा. नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की घरच्या माणसानं हात लावू नये, असं म्हणतात. आक्षेप निराधार नाही, म्हणून त्याला मर्यादा आखूनच उत्तर दिलं पाहिजे. बल्ब आणि फ्यूज कसा बदलायचा, हे गाड्यांच्या मालक-पुस्तिकांमध्ये सहसा कंपनीच लिहून देते. जे काम पुस्तिकेत मालकाला सांगितलेलं आहे ते केल्यानं वॉरंटीला धक्का का लागावा? तार कापणं, नवी तार जोडणं किंवा छताचं अस्तर खाली ओढणं हे मात्र त्यात बसत नाही. अनेक गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना अस्तराखाली पडद्यासारख्या एअरबॅग घडी घालून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या तारांचे कपलर सहसा पिवळे असतात. पिवळं काही दिसलं की थांबायचं. झाकण, बल्ब, फ्यूज, दाराचं बटण आणि दिव्याच्या पाठीमागचा कपलर इथवर मालकाचं काम. अस्तर, कंट्रोल युनिट आणि आरशाजवळच्या दिव्यात सनरूफचे किंवा आपत्कालीन मदतीचे स्विच असतील तर ते, हे सारं वर्कशॉपचं. ही रेषा गाडीच्या रचनेनंच आखलेली आहे, आणि ती माहीत असलेला माणूस न कळता हात घालणाऱ्यापेक्षा आणि घाबरून लांब राहणाऱ्यापेक्षा, दोघांपेक्षाही सुरक्षित असतो.

दुसरा आक्षेप आगीचा. शॉर्ट होऊन गाडी पेटली तर? गाडीत विजेमुळे लागणाऱ्या आगीची भीती खरी आहे, पण ती वाढते फ्यूजला फसवल्यावर. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. दिव्याची तार बारीक असते, म्हणून तिला तेवढ्याच ताकदीचा फ्यूज लावलेला असतो: तपकिरी म्हणजे साडेसात, लाल म्हणजे दहा, निळा पंधरा, पिवळा वीस अँपिअर. लाल उडाला म्हणून हिरवा, तीस अँपिअरचा, ठोकणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणं म्हणजे फ्यूजच्या आधी तार तापू देणं. नियम एकच: त्याच रंगाचा फ्यूज एकदा बसवावा, आणि तो पुन्हा उडाला तर तिसरा न लावता गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज सांगतो की तार कुठं तरी पत्र्याला लागते आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वात जवळचा वाटतो. प्रत्येकानं आपापलं काम केलं, तर गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं खायचं काय? पण त्याचं पोट छतातल्या बल्बवर चालत नाही. अल्टरनेटर, स्टार्टर, जळालेलं वायरिंग यांवर चालतं, आणि त्या कामांना त्याच्याइतकं कौशल्य गावात दुसऱ्याकडे नसतं. त्याला त्रास होतो तो ‘काहीतरी झालंय, बघून घ्या’ म्हणत गाडी टाकून जाणाऱ्याचा; तास जातो शोधण्यात आणि पैसे द्यायची वेळ आली की तोच माणूस घासाघीस करतो. ‘कायम चालूवर लागतो, डाव्या मागच्या दाराला लागत नाही, बटण साफ केलंय’ असं सांगणारं गिऱ्हाईक त्याच्या कामाची किंमतही ओळखतं, कारण शोध घेणं किती अवघड असतं हे त्यानं स्वतः थोडं अनुभवलेलं असतं.

राहतो तो प्रश्न, हे सगळ्यांना जमेल का. ओहमचा नियम नववीत शिकवतात, फ्यूजचं काम दहावीत. रामटेकला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८५ पासून आहे. ज्ञानाची वाण नाही. ज्ञान आणि हात यांची गाठ घालायची राहिली आहे. त्याला दोन अडथळे आहेत आणि दोन्ही दूर होण्यासारखे आहेत. फ्यूजच्या झाकणावरची नावं इंग्रजी आद्याक्षरांत असतात, ती वाचून घरातल्या पुष्कळांना अर्थ लागत नाही. महाराष्ट्रात गाडी विकणाऱ्यांनी तो एक तक्ता मराठीत छापून द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. दुसरा अडथळा असा की गाडी हे घरातल्या एकाच पुरुषाचं काम समजलं जातं. बल्ब काढायला ताकद लागत नाही, लक्ष लागतं, आणि घरातली मुलगी किंवा सून ते तितकंच नीट करेल. शाळेच्या प्रयोगशाळेत भंगारातून आणलेला छताचा एक दिवा, एक बारा व्होल्टची बॅटरी, एक फ्यूज आणि दाराचं एक बटण मांडून ठेवलं, मुद्दाम एक सांधा सैल केला आणि ‘शोधा’ म्हणून सांगितलं, तर मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा किती तरी जास्त कळेल. खर्च फारसा नाही. कोणतीही वस्तू बंद पडली की आधी तिची वाट तपासायची आणि भाग बदलायचा विचार सर्वात शेवटी करायचा, ही सवय ज्यांना या वयात लागेल, त्यांना पुढे पंपाचा स्टार्टर असो की घरातला पंखा, कुणीही सहजासहजी फसवू शकणार नाही.