माळ आणि म्हावरं

पुण्याच्या पेठेत शाकाहारी असणं आणि उरणजवळच्या आमच्या जासईत माळकरी होणं, या दोन गोष्टी मला कधीच एका मापाच्या वाटल्या नाहीत. पेठेतल्या माणसाला सोडावं असं काही लागत नाही. जन्मापासून ताटात जे होतं तेच पुढे चालू राहतं. जासईच्या आगऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की त्याला खाडी सोडावी लागते. चिंबोरी, निवट्या, कोळंबी, भाकरीबरोबर चुरून खायची भाजलेली सुकट, आणि घरोघरी चुलीवरून येणारा तो वास, सगळं. बरं, शेजारच्या घरातून वास येतच राहतो. त्याला कोण अडवणार?

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. घाटावर माळकऱ्याच्या घरी निदान दूध, दही, ताक, तूप असतं. खारजमिनीवर भात पिकवणाऱ्या आमच्या घरांत दुभतं बेताचंच होतं. चहा बऱ्याचदा कोरा व्हायचा. ताकाची कढी पाहुणे आल्यावर. त्यामुळे माझ्या आजाने माळ घातली तेव्हा त्याच्या ताटात उरलं ते भात, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, डाळ आणि रानातून येईल ती भाजी. आज ज्याला शहरात वनस्पतीजन्य आहार म्हणतात आणि ज्याच्यासाठी महागडी पाकिटं विकत घेतात, तो आमच्या ओट्यावर पंढरीच्या वारीमुळे पूर्वीच येऊन बसला होता. तब्येतीसाठी नाही, पृथ्वी वाचवण्यासाठी नाही, विठ्ठलासाठी.

आजाची पातेली वेगळी, तवा वेगळा. म्हावरं शिजायचं ते पडवीतल्या चुलीवर. तो आधी जेवायचा, हात धुऊन बाहेर जाऊन बसायचा आणि मग बाकीच्यांची ताटं मांडली जायची. त्याने आम्हाला कधी ‘सोडा’ म्हटलं नाही. एकदा कुणीतरी त्याला चिडवलं, आता तुमच्या जिभेला काय कळतंय चवीचं! तर म्हणाला, “माल घातली म्हनून जीभ कापून ठेवली नय मी.” आणि खरंच, बिरड्यात ओलं खोबरं कमी पडलं तर घरात सगळ्यांच्या आधी त्यालाच कळायचं. त्याच्या त्यागात रुसवा नव्हता. काल्याच्या कीर्तनानंतरच्या पंगतीत तो जितका आनंदाने जेवायचा, तितक्या आनंदाने हळदीच्या मांडवात मटण ओरपणारा माणूसही मी पाहिलेला नाही.

पण त्या बिरड्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडायला हवा. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं बिरडं सोलायला आजीची आणि आईची अख्खी दुपार जायची. बोंबील तव्यावर टाकले की क्षणात होतात. माळ पुरुषाच्या गळ्यात आणि वाल बाईच्या बोटांत, असा तो व्यवहार होता. शाकाहाराच्या साधेपणावर भाषण करणाऱ्याने आधी एकदा पायलीभर वाल सोलून दाखवावेत, असं मला अजून वाटतं.

आता जे माळकरी नव्हते त्यांचं काय? तेही वर्षभर म्हावरंच खात होते, असा समज चुकीचा आहे. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, अख्खा श्रावण, काही घरांत नवरात्र. आखाडाच्या शेवटी गटारीला पोट भरून घ्यायचं आणि मग महिनाभर वालाची, मुगाची, भाजीपाल्याची सोबत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. गणपतीत मोदक, आणि त्याच गणपतीत काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य. पावसाच्या पहिल्या महिन्यांत मासे अंडी घालतात आणि किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी सरकार जून-जुलैत बंद ठेवतं. श्रावण त्याला लागूनच येतो. यात शहाणपण किती आणि योगायोग किती, ते मी सांगू शकत नाही. पण खाणं आणि न खाणं यांची अशी पाळी ठरलेली असली की दोन्हींना चव राहते, एवढं मी खात्रीने म्हणेन. श्रावण सुटल्यावरच्या पहिल्या कालवणाची सर वर्षातल्या इतर कुठल्याही कालवणाला येत नाही.

आणि भाज्या! लोकांना वाटतं, आगरी जेवण म्हणजे मसाला आणि मटण. मृगाचा पाऊस पडला की कातकरी आणि ठाकर बायका पनवेल-उरणच्या बाजारात शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा वाटा. काकडं घातल्याशिवाय शेवळं शिजवली तर घसा असा खाजतो की दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवण राहते; शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि काकडाचा आंबटपणा त्यांचा खवखवाट मारतो, असं सांगतात. आजीला हे रसायन ठाऊक नव्हतं, काकडं ठाऊक होती. एकाच पाटीतली शेवळं, आजासाठी वालाबरोबर आणि आमच्यासाठी सोडे घालून. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. थंडीत पोपटी: मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, आणि मडकं उलटं करून त्यावर पेंढा-काटक्यांचा जाळ. बाकीच्यांच्या मडक्यात अंडी आणि कोंबडी, माळकऱ्यांच्या मडक्यात नुसत्या शेंगा, कणगरं, रताळी. जाळ एकच. शेंगांच्या चवीत फरक काढायचा तर भांडण होईल, पण खरं सांगते, नुसत्या शेंगांचं मडकं आधी रिकामं व्हायचं.

हे सगळं आठवायचं कारण आमचा भाचा. नवी मुंबईत नोकरीला आहे, मुलगा गुणी. तो वीगन झाला. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूधही नाही. हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी रूढ केला, हे त्यानेच मला सांगितलं. त्याची कारणं मला हसण्यासारखी वाटली नाहीत. बंदिस्त ब्रॉयलर शेडमधली कोंबडी, दुधासाठी रेडकापासून तोडलेली म्हैस, जनावरांच्या पैदाशीमुळे तापणारी हवा, यातलं काहीही खोटं नाही. माझ्या आईने मात्र एका वाक्यात चौकशी संपवली: “दूद नको, म्हावरं नको, मंग खाशील काय? वारा?” आणि त्याच्यापुढे बिरडं-भात वाढला. त्याने तो दोनदा घेतला. आजाचंच ताट ते.

मी त्याला गांधीजींची गोष्ट सांगितली. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच दूध सोडलं होतं. 1918 मध्ये आमांशाने ते पार खंगले. डॉक्टर दलालांनी दूध घ्यायला सांगितलं, यांनी व्रत पुढे केलं. तेव्हा कस्तुरबांनी मार्ग काढला: गाई-म्हशीचं नको ना, मग शेळीचं घ्या. गांधीजींनी घेतलं, आणि आपण व्रताचा शब्द पाळला पण हेतू मोडला, ही बोच आत्मकथेत लिहूनही ठेवली. भाचा म्हणाला, म्हणजे तेही हरले. मला तसं वाटत नाही. मला त्या प्रसंगात कस्तुरबा सगळ्यात मोठ्या वाटतात. समोरचा माणूस जगायला हवा, आणि त्याचा मानही राहायला हवा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका पेल्यात आणल्या.

कारण शरीर व्रत बघत नाही. आमच्या एका काकांनी आजानंतर माळ घातली. काही वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाई, विसरायला होई. घरात सगळे म्हणाले, वय झालं. एका डॉक्टरने रक्त तपासायला लावलं तर बी-12 तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि माणूस पुन्हा वारीला गेला. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि आपल्याला ते मुख्यतः प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून मिळतं. वालात, भातात, शेवळात ते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 साली पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी आढळलं आणि शाकाहाऱ्यांना हा धोका कितीतरी पट जास्त दिसला. तेही दूध पिणाऱ्यांच्या मुलुखात. मग दूध नसलेल्या घरातल्या माळकऱ्याचं काय होत असेल?

पण उलट बाजूने छाती फुगवायचंही कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचं म्हणणं असं की दिवसाची ऊर्जा तृणधान्यांतून 45 टक्क्यांहून जास्त येऊ नये, सुमारे 15 टक्के डाळी, अंडी, मांस-मासळीतून यावी, आणि ताटात निदान आठ गटांचे पदार्थ असावेत. प्रौढाला प्रथिनं किती? वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम, साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. यासाठी रोज मटण लागत नाही. भातात लायसिन कमी, वालात भरपूर; वालात मेथिओनिन कमी, भातात बरं. बिरडं-भाताचा जोड पंढरीच्या वाटेवर कुणी प्रयोगशाळेत जुळवला नव्हता, पण जुळलेला आहे. भाचा पृथ्वीचा मुद्दा काढतो तेव्हा मी त्याला एवढंच सांगते की पाणी तुंबलेल्या भातखाचरातूनही मिथेन निघतो आणि खाडीतला निवटा कुणाचं धान्य खाऊन मोठा होत नाही. पानातलं हिरवं ते सगळं निष्पाप आणि बाकीचं पापी, अशी वाटणी निसर्गाने केलेली नाही.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच कारणाने. जासईच्या ताटाचं जे झालं ते माळेनेही केलं नाही आणि मटणानेही नाही. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटील जासईचेच, 13 जानेवारी 1926 ला इथे जन्मलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली आणि 16 व 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबारात पाच जण गेले. ते दिवस म्हणजे ऐन पोपटीचे. 1989 मध्ये शेजारी बंदर सुरू झालं. भराव पडले, खाजणं गेली, कंटेनरची यार्डं आली. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो खाडीतलं म्हावरं बुडालं म्हणूनच. भरपाईचा आकडा मोठा दिसतो. पण निवट्या पैशाने परत येत नाहीत.

आज आमच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेशेजारी वडापाव आहे, चायनीजची गाडी आहे, ब्रॉयलरची दुकानं आहेत. शाकाहारी पोरगा फरसाण आणि मैद्यावर जगतो, मांसाहारी पोरगा ब्रॉयलर आणि मैद्यावर. दोघंही आपापल्या धर्माने जेवतात आणि दोघांच्याही ताटात आठ गट भरत नाहीत. मधुमेहाची गोळी दोन्ही घरांत आहे. मला म्हणून शाकाहार की मांसाहार हा वाद आता फारसा रंगत नाही. खाडी आणि खाचर असताना आमच्याकडे दोन्ही आहार चांगले होते. ती गेली तेव्हा दोन्ही बिघडले.

मी स्वतः माळ घातलेली नाही आणि घालीन असं वाटत नाही. सुकटीची भाकरी सोडून मिळणारं पुण्य मला पेलणार नाही. आठवड्यात थोडं म्हावरं, बाकी दिवस वाल, मूग, भाजी, नाचणी, आणि श्रावण पाळायचा, हे मला पुरतं. त्यात माझी तब्येतही सांभाळली जाते आणि जीभही. पण ज्याला सोडायचं आहे त्याने आजासारखं सोडावं: हसत, चव शाबूत ठेवून, शेजारच्या ताटाकडे न बघता. आणि काकांसारखं व्हायची वाट न पाहता. तुमच्या घरात कुणी माळकरी असेल, किंवा कुणी नव्याने वीगन झालेलं असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याचं बी-12 तपासून घ्या, डॉक्टर सांगतील ती गोळी सुरू करा, आणि वाल सोलायला त्यालाच बसवा.