सौंदडहून समुद्र किती लांब?

वेळासला सलग तीन वर्षं कासवं बघून आलेला माणूस ऑफिसात जरा बोअरच करतो. माझं तसंच झालं होतं. लॅपटॉपवर स्लाइड शो तयार, कोणी सापडलं की सुरू! त्यामुळे डिसेंबरात टीममधल्या मित्राच्या गावी, सौंदडला जायचं ठरलं आणि शिक्षिका असलेल्या त्याच्या ताईने ‘आमच्या मुलांना समुद्राबद्दल सांगाल का?’ विचारलं, तेव्हा मी तिचं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, पुढे बल्लारशाह लाईनची गाडी. खिडकीतून कापणी झालेली धानाची शेतं आणि तलाव. आपल्याकडे सिग्नल लागतात तसे इथे तलाव लागतात. बरेचसे मालगुजारी काळातले, कोहळी समाजाने बांधलेले. रात्री काकूंनी झिंग्यांचा रस्सा वाढला. (झिंगे म्हणजे आपली कोळंबी. फक्त ही तलावातली. चव? मी तीनदा भात घेतला.)

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फॉर्मात. ऑलिव्ह रिडले, २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ आणि वेळासच्या गावकऱ्यांनी जपलेली अंडी, समुद्राकडे धावणारी पिल्लं. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता, वर्ग चिडीचूप. मग माझा हुकमी डायलॉग : ‘तुम्ही नदीत टाकलेली पिशवी शेवटी याच कासवाच्या पोटात जाते!’

मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

‘आमची चुलबंद तिकडं नाई जात जी.’

ती मुलगी उठली, भिंतीवरच्या नकाशाशी गेली आणि बोट फिरवायला लागली. चुलबंद वैनगंगेत. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत. आणि गोदावरी आंध्रातून थेट बंगालच्या उपसागरात. कोकण राहिलं पार पाठीमागे. मी पोरांना चुकीचा समुद्र विकत होतो, बॉस!

सावरून म्हटलं, गोदावरीच्या मुखाशीही ही कासवं अंडी घालतात. मग गुहागरची गोष्ट आठवली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर पोहून! म्हणजे तुमच्या समुद्रातली माझ्या समुद्रात आली. ‘तिले रस्ता कोन सांगतला?’ एकाने विचारलं. उत्तर माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं.

संध्याकाळी मित्र तलावावर घेऊन गेला. बेशरमाची झुडपं पाण्यापर्यंत पसरलेली. या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजाने कितीतरी तलावांतून ही बेशरम उपटून तिथे स्थानिक पाणवनस्पती लावल्यात, कारण देशी मासे त्यांच्यातच अंडी घालतात, त्यांच्याच आडोशाने वाढतात. वेळासला वाळूत जाळी लावून अंडी राखतात, इथे गाळात गवत लावून. वेळासला दरवर्षी पर्यटकांची झुंबड उडते. या चिखलाचे फोटो काढायला मात्र कोणी येत नाही. मीही कासवांसाठी तीनदा कोकणात गेलो, इकडे आलो तो मित्रामुळे.

निघायच्या दिवशी चुलबंदच्या पुलावर तीच मुलगी भेटली, सायकल हातात धरून. पुलाच्या कठड्याखाली निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी अडकलेली.

‘ही जाईल का जी आंध्रापर्यंत?’

‘पावसाळ्यात जाऊ शकेल.’

तिने सायकल कठड्याला टेकवली, खाली उतरली, पिशवी सोडवून आणली आणि कॅरिअरला अडकवली. मग म्हणाली, ‘मुंबईत तुमची नदी कोनती?’

माझं ऑफिस बीकेसीत. ‘मिठी,’ मी म्हटलं.

‘नाव मस्त आहे. पोयता तिच्यात?’

मी रोज तिच्यावरून जाताना रिक्षात नाकाला रुमाल लावतो. मित्राने स्टेशनवरून हाक मारण्यासाठी फोन केला, तो मी जरा जास्तच वेळ उचलून धरला.