काकूंचे कागद

फौजेतून पेन्शनवर गावी आलेल्या माणसाला आमच्या बीबी गावात पहिला प्रश्न कॅन्टीनचाच होतो. फ्रीज कितीला पडतो, कार्डावर मोटारसायकल निघते का, आणि आवाज जरा खाली आणून, 'एखादी बाटली मिळंल का?' मी हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलो तेव्हा माझंही असंच स्वागत झालं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सैनिकाला सरकार काय देतं, तर कॅन्टीन देतं, एवढंच गावाला ठाऊक.

कॅन्टीन आहे, आणि त्याचा आधारही आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट उभं राहिलं, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. जीएसटी आल्यापासून या मालावर निम्म्या कराची सूट आहे. पण आमच्या भागातून छावणीचं कॅन्टीन गाठायचं तर सिंदखेड राजा, जालना करत छत्रपती संभाजीनगर. साबण, तेल, चहापत्तीत जे वाचतं ते जाण्यायेण्यात जातं. मोठी वस्तू घ्यायची असेल तरच ती वाट धरावी. आणि कार्डावरचा माल स्वतःच्या घरासाठी असतो, तो दुसऱ्याला विकता येत नाही. हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो. एकदोघे रुसले, पण ते चालायचंच.

ज्या गोष्टीसाठी खरोखर धावायला हवं, तिची चर्चा गावात कमी होते. ती मला शेजारच्या काकूंनी दाखवली.

काकूंचे मालक १९६५ च्या लढाईत होते. काही वर्षं पलटणीत आणि बाकीची राखीव यादीत अशी मिळून १५ वर्षं भरली, म्हणून त्यांना पेन्शन बसली. ते गेल्यावर काकूंना कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झालं. एका संध्याकाळी त्या लोखंडी पेटीतलं गाठोडं घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. "भाऊ, माह्या वयाच्या बायाईले पैसे वाढून आले म्हणतात. मले काहून नाही आले?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. किमान ९,००० रुपये मूळ धरले तरी महिन्याला १,८०० जास्त, वर महागाई भत्ता वेगळा. सोयाबीन पडत्या भावात विकणाऱ्या घरात ही रक्कम औषधाचा खर्च भागवते.

गाठोड्यात नऊवारीच्या तुकड्यात बांधलेलं डिस्चार्ज बुक होतं. पानं पिवळी पडलेली, घडीवरची अक्षरं पार गेलेली. पण ओळखीच्या खुणांची ओळ शाबूत होती. मी ती वाचून सांगितली, डाव्या भुवईवर जुना व्रण. काकू म्हणाल्या, "बैलानं शिंग मारलं व्हतं. लगन नव्हतं झालं तवा." ते पुस्तक त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, पण त्यात काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग मी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडला आणि घोटाळा कळला. मालकांची जन्मतारीख होती, काकूंची जागा कोरी. जन्मतारीखच नाही, तर ८० वर्षं झाली हे यंत्रणेला कळणार कसं? वर आणखी एक पेच होता. पीपीओत त्यांचं माहेरचं नाव, आधारवर लग्नात बदललेलं. आपल्याकडे बायकांची नावं लग्नात बदलतात, पण पलटणीच्या दप्तरात बदल कळवायचा राहून जातो. नवरा जिवंत असताना हे काम एका अर्जावर भागतं. तो गेल्यावर बाईला आपण तीच आहोत हे शपथपत्रावर सिद्ध करावं लागतं.

लोणारला शपथपत्र झालं, ग्रामपंचायतीचा दाखला झाला, मग मेहकर, चिखली करत बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. एसटीत काकूंना तिकीट लागलं नाही. ७५ वर्षांवरच्यांना महाराष्ट्रात एसटी मोफत आहे, ते वय म्हणून, सैनिकाची पत्नी म्हणून नव्हे. पुढची दुरुस्ती 'स्पर्श' या संगणकप्रणालीत. एका ठिकाणी अर्ज बराच काळ अडला, पुन्हा कागद द्यावे लागले. हयातीच्या दाखल्याला अंगठा काही उमटेना. जन्मभर खुरपणी आणि कापूसवेचणी केलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, तो आम्ही अंगणात काढला. काकूंना पदर सारखा करून मोबाइलकडे बघायला सांगितलं. बघितलं त्यांनी, अगदी ताठ मानेनं.

वाढ मागील थकबाकीसह जमा झाली. काकूंनी आधी दुकानदाराची उधारी चुकवली.

त्यानंतर माझ्याकडे लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येऊ लागले. बऱ्याच जणांना वाटतं, समृद्धी महामार्गावर माजी सैनिकाला टोल नाही. तसं नाही. १९०१ च्या कायद्याची सूट ड्युटीवर असलेल्या जवानासाठी आहे. राष्ट्रीय महामार्गावर परमवीर चक्र, अशोक चक्र अशा शौर्यपदकांच्या मानकऱ्यांनाही आहे, पण सगळ्या माजी सैनिकांना नाही. उलट घरपट्टीची माफी खरी असून कुणी मागत नाही. २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला ती मिळते, सैनिकाच्या विधवेलाही मिळते. सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दवाखान्याच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागलं तर सैनिक विश्रामगृहात कमी दरात खोली मिळते, हेही ठाऊक असू द्यावं.

माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो पेन्शन न बसलेल्यांसाठी. १५ वर्षं भरण्याआधी घरी आलेला शिपाई. लढाई त्यानंही पाहिली, पण पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएसचं दवाखान्याचं कार्डही नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला ६५ वर्षांनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हलाखीचं अनुदान मिळतं. ते महिना ४,००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालं. पण अर्ज स्वतः करायचा असतो, आणि आपण हलाखीत आहोत हे लिहून द्यायला ही माणसं तयार होत नाहीत. एका आजोबांना मी म्हणालो, हे दान नाही, तुमच्याच नावाचा पैसा आहे. ते बराच वेळ गप्प बसले, मग सही केली.

भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं मला आता वेगळंच विचारतात, चार वर्षांनंतर पुढे काय? २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, पहिल्या तुकडीची चार वर्षं आता भरत आली. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील. बाकीच्यांना सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख मिळतील, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही. हे मी त्यांना लपवून ठेवत नाही, आणि जाऊ नका असंही म्हणत नाही. चार वर्षं सीमेवर काढलेल्या पोराला निदान दवाखान्याचं कार्ड मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कुणी मंत्री इकडे आले तर त्यांच्यापुढेही मी हेच मांडेन.

सध्या ओट्यावर आणखी एका वहिनींचा पीपीओ पडलाय. त्यांच्या मालकांची पलटण महार रेजिमेंटची, दप्तर मध्य प्रदेशात सागरला. वहिनींची जन्मतारीख कोरी आहे, नाव मात्र बरोबर आहे, म्हणजे काम अर्धं झालेलं. सोमवारी लोणारला जायचं आहे.