वीकेंड, कॅमेरे आणि गारा!
नागपूर ते पवनी, सुमारे ८० किलोमीटर. आम्ही चौघं, तीन कॅमेरे आणि गोसीखुर्दच्या पाण्यावरच्या पाहुण्या पक्ष्यांचं स्वप्न! पवनी सोडून धरणाकडे वळलो आणि भर फेब्रुवारीत चक्क गारा. बॅगा पोटाशी धरून (लेन्सचे हप्ते अजून फिटायचेत यार!) एका शेतातल्या झोपडीत घुसलो.

उजेड गेला म्हणून आम्ही हळहळत होतो; काका बांधीतल्या लाखोळीकडे बघत होते. धान निघाल्यावर उरल्या ओलीवर आलेलं पीक, पार भुईसपाट.

‘माहा मोबाइल भिजला. पंचनाम्याले फोटू काढून देता का जी?’

टेलिलेन्स उतरवली, वाइड लावली. काकांना मधे उभं करून सगळ्या बांध्या टिपल्या, पवनीतच प्रिंट काढून दिल्या.

निघताना वैनगंगेवर बदकं दिसली. अंधार पडला होता.