नोंदीत न आलेला संगणक

घरातल्या पाय-होलच्या नोंदवहीत टीव्ही दिसतो, फोन दिसतात, प्रिंटरसुद्धा दिवसातून दोन-चारदा डोकावून जातो. एक संगणक मात्र दिसत नाही. तो बंद नाही; त्याच्या पडद्यावर बातमीच्या दोन परिच्छेदांमध्ये चपलांची जाहिरात हलते आहे. म्हणजे तो नावांचे पत्ते विचारतो आहे, फक्त घरात विचारत नाही. या बिघाडाची पहिली खूण अशी गैरहजेरीतच सापडते.

रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या यंत्रावरही चालणाऱ्या पाय-होल या डीएनएस सर्व्हरचे काम सरळ आहे. संकेतस्थळाचे नाव आले की त्याचा आकडी पत्ता सांगायचा. नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असेल तर ०.०.०.० असा पोकळ पत्ता द्यायचा. जाहिरात आल्यावर पुसली जाते असे नाही, ती घराकडे निघतच नाही. यूट्यूबच्या जाहिराती याला अडवता येत नाहीत, कारण व्हिडिओ ज्या नावांवरून येतो त्याच नावांवरून त्याही येतात. तेवढ्यावरून संगणकावर ठपका ठेवू नये.

तपासणी त्या संगणकापाशी बसूनच सुरू करावी. विंडोजच्या काळ्या खिडकीत एनएसलूकअप आणि पुढे यादीतले एखादे नाव टाइप केले की पहिल्या दोन ओळींतच उत्तर कोण देतो आहे ते कळते. तिथे पाय-होलचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०, दिसायला हवा. नंतर होस्ट्स ही फाइल पाहावी. बाहेर विचारण्याआधी संगणक आपल्या पोटातल्या या फाइलकडे बघतो, आणि तिच्यात कोणी नाव-पत्ता लिहून ठेवला असेल तर पाय-होलपर्यंत प्रश्न जातच नाही.

सिस्टिम३२ च्या आत, ड्रायव्हर्सच्या आत, ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये ही छोटी फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर बहुधा # चिन्हाने सुरू होणाऱ्या थोड्या ओळी, बाकी कोरे पान. पण तिची पूर्वज असलेली फाइल एके काळी सगळ्या नेटवर्कची एकमेव पत्त्यांची वही होती. १९७० च्या दशकात इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरच्या संगणकांची नावे कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात सांभाळली जात. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना जेक म्हणत. मूळच्या त्या रसायनशास्त्राच्या. रासायनिक संयुगांच्या सूचीचे काम करता करता माहिती नीट लावून ठेवण्यातच त्यांचे मन रमले, आणि १९७२ मध्ये त्याच संस्थेतले संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी त्यांना आपल्या गटात घेतले. नवा संगणक जोडायचा तर या केंद्राला कळवायचे. तिथली माणसे ते नाव आधी कोणी घेतलेले नाही ना हे बघत, यादीत ओळ घालत, आणि ठिकठिकाणचे संगणक ती यादी उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी हाताबाहेर जाऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी वाटून घेतलेली व्यवस्था मांडली, तीच आजची डीएनएस. कॉम, एज्यू, गव्ह ही नावांची शेपटे ठरवण्यात फाइनलर यांच्या गटाचा मोठा वाटा होता. इंटरनेटच्या गोष्टीत यंत्रे बांधणाऱ्यांची नावे आधी येतात. ही वही सांभाळणाऱ्या बाईंचे नाव त्यांच्या बरोबरीने यायला हवे. त्या वहीची वारस फाइल घरोघरच्या संगणकात अजून आहे, आणि जाहिराती अडवण्याची जुनी युक्तीही तीच: नको असलेल्या नावांपुढे पोकळ पत्ता लिहून ठेवायचा.

होस्ट्स स्वच्छ निघाली, तर आयपीकॉन्फिग /ऑल. इथे डीएनएस सर्व्हर्सच्या रकान्यात एकापेक्षा जास्त पत्ते दिसले की चोरवाट बहुधा सापडलीच. नेट संथ झाले की ८.८.८.८ टाकून बघा, हा सल्ला गूगलने २००९ मध्ये या आकड्यामागची डीएनएस सेवा सुरू केल्यापासून फिरतो आहे, आणि टाकलेला आकडा नंतर काढायचे कोणाला आठवत नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या चौकटीत स्टेपनी म्हणून ठेवलेला असतो. पण दुसरा डीएनएस स्टेपनीसारखा डिकीत पडून राहत नाही. पहिला क्षणभर अडखळला तरी संगणक दुसऱ्याकडे वळतो. काही प्रणाली तर दोघांनाही विचारतात. दुसरी चौकट रिकामी ठेवावी, किंवा तिथे दुसरे पाय-होल द्यावे.

रकान्यात एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल आणि तो पाय-होलचा नसेल, तर राऊटर आयपीव्ही६ च्या वाटेने स्वतःलाच डीएनएस म्हणून पुढे करतो आहे. राऊटरमध्ये तिथे पाय-होलचा आयपीव्ही६ पत्ता घालावा. ती सोय नसेल तर ही घोषणा बंद करावी. कामाच्या ठिकाणचे व्हीपीएनही आपला डीएनएस पुढे करू शकते; ते चालू असेल तर बंद करून पुन्हा पाहावे.

सगळ्यात चकवणारी अवस्था शेवटची. एनएसलूकअप ०.०.०.० सांगते आणि ब्राउझरमध्ये जाहिरात तशीच हलते. इथे ब्राउझर संगणकालाही न विचारता परस्पर बाहेर जातो. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस या २०१८ च्या मानकाने प्रश्न कुलूपबंद होऊन ४४३ क्रमांकाच्या दारातून, इतर वेब वाहतुकीत मिसळून निघतात. ५३ क्रमांकाच्या दारावरचे प्रश्न राऊटरने घरी वळवले तरी हे हाती लागत नाहीत. ही सोय वाईट नाही. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर कोणी कान देऊन बसू नये म्हणून ती हवीच. घरी मात्र ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सुरक्षित डीएनएस’ बंद करावे. फायरफॉक्स एक ठरलेले नाव विचारून बघतो आणि पाय-होल ‘असे नाव नाही’ म्हणाले की आपणहून माघार घेतो. पण ही सोय कोणी हाताने चालू केली असेल, तर तो ते उत्तर मानत नाही.

मग आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस देऊन जुनी उत्तरे पुसावीत, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा आणि तेच बातमीचे पान पुन्हा मागवावे. दोन परिच्छेदांमध्ये आता कोरी जागा असते. नोंदवहीत वेळ, जाहिरातवाल्याचे नाव, त्या संगणकाचा पत्ता, आणि ओळ लाल.