टेकडीशेजारचा तराजू

नाशिक

प्रिय सुलू,

गुरुत्वाकर्षणात आता शोधण्यासारखं उरलंय काय, असं तुझे जावई विचारतात म्हणे! न्यूटन झाला, आइन्स्टाइन झाला, सफरचंद अजून खालीच पडतं, मग विषय संपला. आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला असं डिवचलं की लांबलचक पत्र येणारच, तेव्हा चहा घेऊनच बस. गंमत अशी की याचं उत्तर तुमच्या सिॲटलमध्येच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात १९८० च्या दशकापासून एक मंडळी हाच विषय उकरत बसली आहे. एरिक ॲडेलबर्गर आणि त्यांचे सहकारी. ‘ओत-वॉश’ गट म्हणून ते ओळखले जातात.

प्रश्न तसा जुनाच. वस्तुमान दोन कामं करतं. ढकललं तर जागचं हलायला कुरकुर करतं, हे एक; आणि पृथ्वीकडे ओढलं जातं, हे दुसरं. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. तरी सोनं असो की लाकूड, हिशेब प्रत्येक वेळी जुळतो, म्हणून सगळं सारख्याच वेगानं पडतं. हे असं का, ते न्यूटननं सांगितलं नाही. आइन्स्टाइननं तर हेच गृहीत धरून १९१५ साली अख्खा सिद्धांत उभा केला. म्हणजे पाया हाच. आणि पाया किती पक्का आहे ते ठोकून बघायला नको?

उंचावरून गोळे टाकून ते कळायचं नाही. हात सुटायच्या क्षणातच चूक होते. खरी युक्ती ओळंब्यात आहे. गवंड्याचा ओळंबा पृथ्वीच्या निव्वळ ओढीच्या दिशेत कधीच लटकत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे तो किंचित बाहेर झुकतो. जास्तीत जास्त अंशाचा दहावा भाग. आता बघ, ओढ लागते ती गुरुत्वीय वस्तुमानाला आणि बाहेर फेकलं जातं ते जडत्वामुळे. दोन धातूंत या दोहोंचं प्रमाण जराही वेगळं असेल, तर दोन ओळंबे दोन दिशांना लटकतील. ते दोन धातू एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना लावायचे, दांडी बारीक तारेनं टांगायची आणि हा पिळाचा तराजू फिरवत तारेला पीळ बसतो का ते बघायचं. बस्स. विषुववृत्तावर किंवा ध्रुवावर हे जमणार नाही, कारण तिथे ओळंबा कलतच नाही. कलतो सर्वांत जास्त तो ४५ अंश अक्षांशाच्या आसपास. सिॲटल ४७ अंशांवर आहे, आणि जिथे हे सगळं सुरू झालं ते बुडापेस्टही ४७ वरच.

बुडापेस्टला हे काम केलं लोरांड ओत्वोश या हंगेरियन गृहस्थानं. १८८९ मध्ये त्यानं जाहीर केलं, की दोन कोटींत एक भागापर्यंत तरी कुठल्याही दोन पदार्थांत फरक नाही. पुढे १९०६ ते १९०९ या काळात दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यानं तेच आणखी बारकाईनं केलं, पण ते आकडे छापून आले १९२२ मध्ये. तो १९१९ लाच गेला होता. त्याच्या तराजूनं पुढे तेलाच्या शोधात पोटापाण्याचं कामही केलं, कारण जमिनीखाली खडक कुठे हलका आणि कुठे जड हे त्याला समजत असे.

खरी धमाल १९८६ ची. एफ्राइम फिशबाख आणि सहकाऱ्यांनी ओत्वोशचे ते जुने आकडे पुन्हा मांडले आणि म्हणाले, यात एक कल दिसतोय. निसर्गात एक पाचवं बल असावं, शे-दोनशे मीटरपर्यंत चालणारं. जगभर धांदल उडाली. एवढ्या कमी पल्ल्याचं बल असेल तर अख्ख्या पृथ्वीपेक्षा शेजारची टेकडी महत्त्वाची. आणि सिॲटलच्या आवारात प्रयोगशाळेला लागूनच टेकडी! तराजू तिच्याशेजारी फिरत राहिला आणि १९८७ मध्ये उत्तर आलं, काही नाही. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या रामनाथ कौशिक, उन्नीकृष्णन वगैरेंनी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली असाच पिळाचा तराजू टांगला. कुलाब्यात राहून असलं काम करायचं म्हणजे लोकलमध्ये उभ्यानं सुईत दोरा ओवायचा. त्यांचंही १९८८ चं उत्तर तेच, काही नाही. ओत्वोशच्या आकड्यांत तो कल मग आला कुठून, यावर सर्वांना पटेल असं उत्तर अजून नाही. मला विचारशील तर उष्णतेचा झोत, दुसरं काय असणार!

कारण या धंद्यातले शत्रू सगळे घरगुतीच असतात. प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांनी १९६४ मध्ये पृथ्वीऐवजी सूर्याची ओढ वापरली. कल्पना सुरेख होती. तराजू फिरवायलाच नको, पृथ्वीच चोवीस तासांत तो फिरवते. पण दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हेसुद्धा बरोबर चोवीस तासांनीच येतं. मग उपकरण खड्ड्यात पुरा. सिॲटलला त्या टेकडीचीच ओढ सतावते, म्हणून शिशाचे ठोकळे रचून ती काटावी लागते. त्यात पाऊस पडला की मातीत पाणी मुरतं आणि टेकडी जड होते. तुमच्या गावचा पाऊस! अशा उपद्व्यापातून २००८ मध्ये त्यांनी बेरिलियम आणि टायटॅनियमची तुलना दहा लाख कोटींत एक-दोन भागांपर्यंत नेली. फरक शून्य.

पण सुलू, मला भुरळ पडली ती त्यांच्या दुसऱ्याच एका लोलकाची. अंतराळात सगळ्या दिशा सारख्याच, हीसुद्धा भौतिकशास्त्राची एक मूलभूत सममिती; पण तीही तपासायला नको का? त्यांनी अल्निको आणि समेरियम-कोबाल्ट अशा दोन जातींची चुंबकं एका कड्यात अशी बसवली, की बाहेर चुंबकत्वाचा मागमूस राहू नये. एका जातीत चुंबकत्व जवळजवळ सगळं इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून, म्हणजे त्याच्या अंगच्या फिरकीतून येतं, दुसऱ्या जातीत त्यातला काही भाग इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या फिरण्यातून येतो. त्यामुळे चुंबकत्व एकमेकांत फिटतं, स्पिन मात्र शिल्लक उरतं. सुमारे एकावर तेवीस शून्यं इतके इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून, आणि शेजारचं होकायंत्र ढिम्म! विश्वाला एखादी लाडकी दिशा असेल, तर ती ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर असणार, म्हणजे लोलकाला बसणारा पीळ २३ तास ५६ मिनिटांनी परत यायला हवा. उन्हाची लबाडी येते चोवीस तासांनी. त्या चार मिनिटांच्या फरकानं खरं-खोटं वेगळं करायचं. लाडकी दिशा सापडली नाही. सापडलं ते वेगळंच. इतक्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन म्हणजे एक चिमुकला भोवरा झाला, आणि पृथ्वी फिरते आहे हे त्या भोवऱ्याला जाणवलं. मग तोच परिणाम वापरून त्यांनी लोलकात नेमकं किती स्पिन आहे ते ठरवलं. हे वाचून मी मोठ्यानं हसले, ह्यांना वाटलं मालिका लागली.

बाकी भराभर सांगते. फ्रान्सचा ‘मायक्रोस्कोप’ उपग्रह २०१६ मध्ये वर गेला, टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे दोन पोकळ दंडगोल एकात एक ठेवून. तिथे पाऊस नाही, पण तापमान बदललं की उपग्रहाचं आवरण करकरतं आणि त्याचे धक्के बसतात. २०२२ चा अंतिम निकाल सांगतो, की पृथ्वी ते सूर्य अंतर मोजताना अर्ध्या मिलिमीटरचीही चूक होऊ नये, इतक्या बारकाईनं दोन्ही सारखेच पडले. २०२३ मध्ये जिनिव्हाजवळ सर्नमध्ये प्रतिहायड्रोजन सोडून पाहिला. तोही वर न जाता खालीच पडला, मात्र तिथली अचूकता अजून वीस-पंचवीस टक्क्यांवरच आहे.

एवढं करून सापडलं काही नाही, असं कुणी म्हणेल. मला मात्र या ‘काही नाही’चा मान फार वाटतो. गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद यांचं अजून जमत नाही, ते जमवू पाहणारे कित्येक सिद्धांत कुठे तरी बारीकसा फरक असणार असं सांगतात; आणि प्रत्येक शून्य त्यातल्या कुणाला तरी घरी पाठवतं.

आता आपल्याकडची बातमी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २६०० कोटी मंजूर केले. १७ ऑगस्ट २०१७ ला परदेशातल्या अशाच वेधशाळांनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली गुरुत्वीय लहर टिपली, आणि तिच्यामागून १.७ सेकंदांत त्याच ठिकाणाहून निघालेले गॅमा किरण पोचले. एवढ्या प्रवासात पावणेदोन सेकंदांचं अंतर! दोघांचा वेग जवळजवळ तंतोतंत सारखा, हे त्यातून ठरलं. पुढच्या खेपेला येशील तेव्हा दोन दिवस राखून ठेव. नागनाथाचं दर्शन घेऊ आणि वेधशाळेची जागाही बघून येऊ. गुडघे धड असतील तोवर ये.

तुझी,
मंदा