चादर कोणाच्या हातात होती?

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि बायकोच्या हुकमावरून कपाट आवरणं चालू. फायलींमधून एक लॅमिनेटेड सर्टिफिकेट निघालं. 'पूरग्रस्तांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल' वगैरे वगैरे. बायको म्हणाली, "अरे, भिंतीवर लाव की!" मी ते परत फायलींखाली सरकवलं. का, ते सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेच्या पुराने सांगलीची वाट लावली होती. पाणी ओसरल्यावर आमच्या टीमने वर्गणी काढली, टेम्पोत तांदूळ, डाळ, चादरी भरल्या, आणि आम्ही पाचजण वाळवा तालुक्यातल्या एका गावात पोचलो. शाळेच्या पटांगणात रांग लागली. कॅमेरा माझ्याकडे. वर्गणी देणाऱ्यांना काहीतरी दाखवायला नको का?

एका आजींनी मला बघून पदर तोंडावर ओढला. मी आपला उत्साहात, "आजी, जरा इकडे बघा की!" त्यांनी बघितलं. क्लिक. मग चादर हातात आल्यावर हळूच म्हणाल्या, "फोटो कुटं दावू नगंस बाळा. लेकीच्या सासरची मानसं बघत्यात."

मी "नाही हो आजी" म्हटलं. तोवर फोटो ऑफिसच्या ग्रुपवर गेलेला होता. सोमवारी तो कॅन्टीनच्या मोठ्या स्क्रीनवर झळकला. मी गप्प. महिन्याभराने हे सर्टिफिकेट.

पुढे कधीतरी वाचलं, की मदतकार्य करणाऱ्यांसाठी रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी १९९४ मध्येच एक आचारसंहिता केली होती. दहा मुद्दे. मदत गरज बघून द्या, जात-धर्म बघून नको. जबाबदारी देणगीदारांशी आहे तशी मदत घेणाऱ्यांशीही आहे. आणि दहावा मुद्दा असा, की प्रसिद्धी करताना आपत्तीत सापडलेल्यांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवा, केविलवाणी बाहुली म्हणून नको. म्हणजे माझी चूक मी करायच्या २५ वर्षं आधीच लिहून ठेवलेली होती!

तुम्ही म्हणाल, एका फोटोचं एवढं काय? मलाही तसंच वाटायचं. पण त्या आजी बोलल्या कधी? चादर हातात आल्यावर. त्याआधी नाही म्हणायची सोय त्यांना होती कुठे? आमच्या भाषेत सांगायचं तर रूट अ‍ॅक्सेस माझ्याकडे होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

हाच अ‍ॅक्सेस वाईट माणसाच्या हातात पडला तर? २००२ मध्ये लायबेरिया, गिनी, सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांतून तक्रारी बाहेर आल्या, की धान्याच्या बदल्यात कोवळ्या मुलींचं शोषण होतंय, आणि करणाऱ्यांत मदत कर्मचारीही आहेत. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कडक नियम केले. मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध म्हणजे गंभीर गैरवर्तन. अठराच्या आतल्या मुलांशी तर पूर्ण बंदी, आणि 'वय माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही. सहकाऱ्यावर संशय आला तरी कळवणं बंधनकारक.

नियम आले म्हणून सगळं सुधारलं? छे! हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर तिथल्या ऑक्सफॅमच्या काही लोकांचं गैरवर्तन २०११ मध्ये चौकशीत सापडलं. चौघांना काढलं, तिघांनी राजीनामे दिले. जगाला खरा प्रकार कळला २०१८ मध्ये. मधल्या काळात तिथला प्रमुख दुसऱ्या संस्थेतर्फे बांगलादेशात काम करून आला होता. आपल्याकडे दोन महिन्यांची गॅप असली तरी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पिच्छा सोडत नाहीत! जुन्या संस्थेने नव्या संस्थेला गैरवर्तनाची माहिती द्यावी, अशी योजना मदत संस्थांनी सुरू केली ती २०१९ मध्ये.

माझा गुन्हा त्या जातीचा नाही, हे कळतं मला. पण 'कळवणं बंधनकारक' वाचताना कॅन्टीनमधला तो सोमवार आठवला. तिथे गप्प बसलो होतो तो मीच.

असो. आता ऑफिसात वर्गणी निघाली की मी अर्ध्या पानाचे नियम आधी पाठवतो. हिशोबाला पावत्या आणि रिकाम्या टेम्पोचा फोटो. माणसाचा हवाच असेल तर आधी सामान द्यायचं, मग विचारायचं. मॅनेजर कुरकुरतात. कुरकुरू देत.

तो फोटो शेअर्ड फोल्डरमधून काढून टाकायला लावला. कोणाकोणाच्या फोनमध्ये अजून असेल, देव जाणे. सर्टिफिकेट मात्र फाडलेलं नाही. कपाट आवरताना अधूनमधून सापडलेलं बरं.